नमुना क्रमांक एकतीस

१

रोज सकाळी दहाच्या सुमारास खालच्या गल्लीतून वुआईची हाक येते, "पेटी आली हो, बी झुवेना!" झुवेना मी, आणि बी म्हणजे आमच्याकडे बाई. मग मी खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते. वुआई मी काम करते त्या हॉटेलचा ड्रायव्हर. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची, परक्या पुरुषासमोर जायचं नाही, म्हणून तो गल्लीत आणि मी वर पडद्याआड. टोपलीत पेटी असते, पेटीत काचेच्या तीन नळ्या, प्रत्येक नळीत कागदाची एक पट्टी आणि पट्टीच्या टोकाला वास.

ह्या वासांवर माझं पोट आहे. आमच्या हॉटेलात उतरणारे पाहुणे कित्येक वर्षं एकच गोष्ट विचारत आले, तुमच्या व्हरांड्यांना हा वास कशाचा येतो? कोणी बाटलीत भरून मागायचं. शेवटी मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांची अकरा देशांत अकरा हॉटेलं. आता ते उंची अत्तरांच्या धंद्यात उतरणार होते आणि पहिली बाटली आमच्या झांझिबारच्या व्हरांड्याची निघणार होती. त्यासाठी फ्रान्सहून ओदील नावाची अत्तरवाली आणली. मी तेव्हा तिथं चादरी-टॉवेलांना धुरी द्यायचा ऊद शिजवत असे. ओदील दोन दिवस माझ्यामागं फिरली आणि मालकांना म्हणाली, "बाकी काही नको, ह्या बाईचं नाक मला द्या." मी नको म्हणाले नाही. एवढं चांगलं बोलणं कोणी ऐकवलं नव्हतं मला.

इद्दतीत बाईनं अंगाला सुगंध लावायचा नसतो. पण हुंगायचं काय? माझ्या भावानं मशिदीत शेखना विचारलं. शेख हसले. म्हणाले, "आचारी दिवसभर बिर्याणी ढवळतो म्हणून त्याचा रोजा मोडतो का? कागदावर हुंगू दे, अंगाला लागू देऊ नको म्हणावं." म्हणून मी गॅलरीत बसून हुंगायची, शेरा लिहायची, पट्टी नळीत घालून बूच लावायची आणि पेटी परत खाली. घरात ऊद नाही, मोगरा नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. घर धुतलेल्या पाटीसारखं झालं होतं. माझ्यासारखीला त्या पाटीवरची बारीकशी रेघही दिसणारच.

२

त्र्याहत्तराव्या दिवशी असरची बांग होऊन गेली होती. दुपार कलली होती, मी जिन्याच्या तोंडाशी बसून तांदूळ निवडत होते. जिन्यातून वास आला.

अगदी पुसट. तासाभरापूर्वी कोणी अत्तर लावलेला माणूस तिथून गेला असावा, तेवढाच. मी ताट खाली ठेवलं. लवंगेचं देठ, ऊद, ओल्या चुन्याची भिंत. हा वास मला नावानं माहीत होता, कारण तो मीच बनवला होता. नमुना क्रमांक एकतीस.

आता एकतीसबद्दल सांगायला हवं. माझा नवरा हेमेद त्याच हॉटेलात कामाला होता. असरनंतर हातात धुपाटणं घेऊन तिन्ही मजल्यांचे व्हरांडे फिरायचे, हे त्याचं काम, एकोणीस वर्षं. पाहुण्यांना जो वास हवा होता तो त्यातून झालेला. आम्ही बाटलीत तोच पकडायला बघत होतो. तीस नमुने फुकट गेले. एकतिसावा जवळ आला. मी तो एका दुपारी, बोटभर कुपीत, एकदाच बनवला, आणि त्याच दुपारी हेमेद गेला.

दुसऱ्या दिवशी घरात पुरुषमंडळी त्याला न्हाऊ घालत होती. भावानं दाराबाहेरून ओरडून कापरासोबत लावायला अत्तर मागितलं. माझ्या पर्समध्ये ती कुपी होती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, मी ती दिली. सगळी त्याच्या अंगावर ओतली गेली. पुढच्या आठवड्यात मी एकतीसचा कागद फाडला आणि ओदीलला म्हटलं, आपण तिसावरून सरळ बत्तिसावर जाऊ.

म्हणजे एकतीस जगात एकाच जागी होता, आणि ती जागा गावाबाहेरच्या कबरस्तानात होती.

३

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. वास आला म्हणजे कोणीतरी आणला. मी ओदीलला फोन लावला. आमची भाषा ती बरी बोलते.

"एकतीस पुन्हा कोणी केला का?"

"तो कागद तूच फाडलास ना?"

"वजनकाट्यावर नोंदी राहतात."

"राहत असतील. कोण कशाला बघतंय? झुवेना, तुला झोप लागते का गं?"

माणूस उत्तर टाळायचं असलं की तब्येत विचारतो. मनात शंकेची पाल चुकचुकली. बाटलीवर नाव तिचं यायचं होतं, माझं नाही. एकतीसमध्ये रस नसल्याचं दाखवून ती गुपचूप तोच तयार करत असेल, आणि पेटीला, पेटीच्या कापडाला तो लागत असेल. दुसऱ्या दिवशी मी वुआईला धरलं.

"पेटी रस्त्यात कुठं ठेवतोस रे?"

"शेजारच्या सीटवर, नव्या नवरीसारखी. पट्टासुद्धा लावतो."

"कोणी उघडत नाही? तू?"

"मी? बी, मला पंधरा दिवस सर्दी आहे. काल बायकोनं चपाती जाळली ती धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळली."

खालून शेजारणी हसल्या. मी हसले नाही. आजारी आहे असा निरोप देऊन मी तीन दिवस पेटीच घेतली नाही. तिन्ही दिवस असरनंतर जिन्यात वास होता. म्हणजे पेटी सुटली, वुआई सुटला, आणि मला वाईट वाटलं, कारण तोवर ओदील चोर असणं मला फार सोयीचं झालं होतं.

४

माझ्या सासूबाई बी शेमसा खालच्या मजल्यावर राहतात. गुडघ्यांमुळे त्या वर फारशा येत नाहीत. त्या दिवशी भिंत धरून धरून आल्या, शेवटच्या पायरीवर दम घेतला आणि म्हणाल्या, "कोण आलं होतं?"

"कोणी नाही, आई."

"मग वास कसला?"

त्या जवळ आल्या, माझी ओढणी ओढून हुंगली, माझा तळहात हुंगला.

"अंगाला नाही," त्या म्हणाल्या, पण आवाज मऊ झाला नव्हता. "धुतलं असशील. पोरी, मला दमा आहे, अर्ध्या नाकानं जगते मी. मला आला तर गल्लीला येणार नाही? ती तुझी फ्रेंच बाई रोज काय काय पाठवते, मला कळत नाही असं समजू नकोस."

"शेखनी परवानगी दिलीय."

"हुंगायची. घर घमघमवायची नाही." त्या बसल्या. "शेवटच्या दिवशी बाया जमतील. मला विचारतील, शेमसा, सुनेनं इद्दत पाळली का? हो म्हणायला मला हजारदा आवडेल. पण मेलेल्या मुलाच्या नावानं मी खोटं बोलणार नाही, एवढं ध्यानात ठेव."

त्या उतरून गेल्या. मला राग यायला हवा होता, आला नाही. त्याचं कारण कोणालाच माहीत नाही, ते इथं लिहिते.

हेमेद गेला त्या दुपारी मी हॉटेलच्या वरच्या खोलीत एकतीस मोजत होते. मला लोकर जळाल्याचा वास आला. मला वाटलं, कोणा गाढवानं गालिच्यावर सिगारेट टाकली. माझा नमुना बिघडू नये म्हणून मी दार लावून घेतलं, फटीला ओला टॉवेल दाबला आणि पुढची चाळीस मिनिटं काम केलं. हेमेद खालच्याच मजल्यावर व्हरांड्यात पडला होता. धुपाटणं उलटून गालिचा हातभर जळाला होता. डॉक्टर म्हणाले, तो क्षणात गेला. बायकोला डॉक्टर दुसरं काय सांगणार?

बेटावर माझ्याएवढं तिखट नाक दुसरं नाही, आणि मी दार लावून घेतलं. म्हणून ही इद्दत मला निर्मळ पार पाडायची होती. त्याच्यासाठी करण्यासारखं एवढंच शिल्लक होतं, आणि त्याच्या आईनं ते चार बायांत सांगायला हवं होतं.

५

मग मी माझ्या कामाची पद्धत लावली. नऊ कोऱ्या पट्ट्या घेतल्या, त्यांवर आकडे घातले. एक रस्त्याच्या दाराआतून, दोन जिन्यात, एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एक गच्चीच्या दाराशी, एक वरच्या बोळात, एक झोपायच्या खोलीच्या चौकटीला आणि एक पलंगाच्या त्या बाजूला, जिथं आता कोणी झोपत नाही. कोरा कागद हवेतला वास धरतो. असरनंतर तासाभरानं सगळ्या गोळा केल्या, डोळे मिटून हुंगल्या.

रस्त्याचं दार, होता. जिना, होता. बोळ, चौकट, पलंग, होता. बैठक, स्वयंपाकघर, गच्ची, काही नाही.

मी पट्ट्या ओळीनं मांडल्या. स्वयंपाकघर जिन्याला लागून आहे, दाराला साधा पडदा. वास सांडला की पसरतो, सगळीकडे शिरतो. हा एका वाटेनं गेला होता. रस्त्यावरून आत, जिना, बोळ, खोली, पलंग. कामावरून घरी येताना हेमेद असाच यायचा, स्वयंपाकघरात न डोकावता. त्यावरून आमची भांडणंही व्हायची.

दुसरी गोष्ट मला आठवडाभरानं कळली. अत्तराचं एक ठरलेलं असतं. वरचा हलका वास दहा मिनिटांत उडतो, मधला संध्याकाळपर्यंत टिकतो, तळाचा जड वास दिवसेंदिवस राहतो. पहिल्या दिवशी जिन्यात आला तो नुसता तळ होता, आणि त्याच्याखाली कापूर आणि ओली पोवळ्याची माती होती, आमच्या कबरस्तानात असते तशी. ते मी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. आठवड्यानं माती कमी झाली, लवंग ठसठशीत झाली. मग लांगी-लांगीची फुलं आली, जी तासाभरानंतर कधीच उरत नाहीत.

वास उलटा चालला होता. शिळ्या भाकरीची रोज थोडी थोडी ताजी भाकरी व्हावी तसा. आता फक्त सगळ्यात वरचं कडू नारिंग यायचं राहिलं होतं. अत्तर नुकतंच, आत्ता, अंगाला लावलं असेल तेव्हाच ते येतं.

माझंच नाक फिरलं असेल का? मी कांदा हुंगला, रॉकेल हुंगलं, वुआईच्या पेटीतल्या पट्ट्या हुंगून शेरे लिहिले. ओदीलचा फोन आला, "आजचे शेरे फार नेमके आहेत." नाक ठणठणीत होतं. आणि सासूबाईंनाही वास आलाच होता. ठणठणीत नसतं तर मला बरं वाटलं असतं.

६

एकशे एकोणिसाव्या दिवशी मीच सासूबाईंना वर बोलावलं. म्हटलं, "आई, आज तुम्ही माझ्याजवळ बसा. मी काही केलं तर तुमच्या डोळ्यांदेखत."

त्या कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत. त्यांनी माझे हात राखेनं धुवायला लावले, केस सोडून पाहिले, माझे कपडे उतरवून मला त्यांचा जुना झगा घालायला दिला. रस्त्याच्या दाराला आतून अडसर घातला. मग आम्ही बोळात चटईवर बसलो आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

बांग झाली. नमाज पढून आम्ही पुन्हा तशाच बसलो. खाली कॉफीवाला पेले वाजवत गेला. कबुतरं गच्चीवर घुमत होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

"तुझ्या कामापायी माझा मुलगा किती वेळा थंड भात जेवला," त्या सहज म्हणाल्या.

"माहीत आहे."

"तक्रार नाही केली त्यानं कधी."

"केली असती तर बरं झालं असतं, आई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात त्यांची बोटं माझ्या मनगटावर आवळली.

अडसर जागेवर होता. जिन्याच्या पायऱ्या रिकाम्या होत्या, मला सगळ्या दिसत होत्या. वास एकेक पायरी चढून वर आला. लवंग, लांगी-लांगी, ऊद. आमच्यासमोर तो थांबला. वास थांबत नाही, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन. तो थांबला. मग आमच्यावरून पुढं खोलीत गेला.

सासूबाई उठल्या. गुडघ्यांचं नाव न घेता उठल्या. "तू इथंच बस," म्हणाल्या आणि आत गेल्या. दार अर्धं लोटलं गेलं.

फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्या खोलीच्या मधोमध पाय फाकवून उभ्या होत्या आणि कमरेला गुंडाळलेली कांगा दोन्ही हातांनी पुढं, अंगापासून लांब धरली होती. आम्ही बायका धुपाटण्यावर कपड्यांत धुरी घ्यायला उभ्या राहतो, तशा. खाली धुपाटणं नव्हतं. फरशी रिकामी होती. कांगा खालून वर हळूहळू फुगत होती.

मी मान खाली घातली.

त्या बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "काय होतं?"

"काही नाही. खिडकी उघडी राहिली होती."

खिडकीला सकाळी मीच कडी घातली होती. संध्याकाळी त्यांनी नारळाच्या रसातली मासळी स्वतः रांधून वर पाठवली. महिन्याभरात पहिल्यांदाच.

७

इद्दत संपली त्या दिवशी पहाटे मला जाग आली ती कडू नारिंगानं. इतकं ताजं की डोळ्यांत पाणी यावं. मी उठून बसले, दहा मिनिटं मोजली. मग आणखी दहा मोजली. ते उडेना.

सकाळी बाया आल्या. मला न्हाऊ घातलं, नवे कपडे घातले, हातांवर मेंदी काढली. खाली पुलाव शिजत होता. वडीलधाऱ्या एका बाईनं विचारलं, "शेमसा, सुनेनं पाळली का?"

"पाळली," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर पाळली. अशी कोणी पाळली नसेल."

मला रडू कोसळलं. बायांना वाटलं नवऱ्याच्या आठवणीनं, आणि ते खोटंही नव्हतं. चार महिने छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलला, असं मला वाटलं. मग धुपाटणं आणलं, माझ्या नव्या कपड्यांखाली ठेवलं. धूर माझ्या पायांवरून, पोटावरून वर आला. मी भरभरून श्वास घेतला.

कडू नारिंग. त्याखाली लवंग.

मी पुन्हा श्वास घेतला. धूर डोळ्यांना झोंबत होता, घशात बसत होता, पण उदाचा वास नव्हता. मेंदीचा नव्हता, पुलावाचा नव्हता. माझी नणंद तातू हसत पुढं आली, तिनं कुठल्याशा अत्तराचं बोट माझ्या मनगटावर ओढलं.

"सांग बघू, काय आहे? चार महिन्यांत विसरली तर नाहीस?"

मी मनगट नाकाशी नेलं. नारिंग, लवंग. सगळ्या बघत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं.

"गुलाब," मी म्हणाले.

खोली हसण्यानं भरून गेली. "अगं, मोगरा आहे, मोगरा!" तातू म्हणाली. "फ्रेंच बाईनं नाक गहाण ठेवून घेतलं वाटतं!" कोणी माझ्या पाठीवर थाप मारली, कोणी नाक ओढलं. मीही हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या गर्दीतून पुढं आल्या, माझी हनुवटी वर केली आणि माझ्या मानेशी नाक आणलं. आया तान्ह्या बाळाची टाळू हुंगतात तसा त्यांनी लांब श्वास घेतला. बराच वेळ सोडला नाही. मग डोळे पुसून त्या बायांकडे वळल्या.

"पुलाव निवतोय. चला सगळ्या खाली."

तातूनं माझा हात धरला. सासूबाईंनी तो अलगद सोडवला. "तिला राहू दे."

बाया जिना उतरल्या, हसणं खाली गेलं. सासूबाई दारात थांबून मागं वळल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या डाव्या खांद्यावरून, थोडं वर, उंच माणसाचा चेहरा असतो तिथं बघत होत्या, आणि मयतीच्या दिवसापासून मी त्यांचा चेहरा इतका शांत पाहिला नव्हता.

"या तुम्ही दोघं सावकाश," त्या म्हणाल्या आणि बाहेरून दार ओढून घेतलं.